दीड-दोन वर्षांचं मूल रात्री अचानक उठायला लागलं तर

गंगापूररोडकर
दिवाळी सरली, थंडी पडली की हाच प्रश्न आपल्या पालक-मंचावर चार धाग्यांवर वेगवेगळा विचारला जातो: "महिनाभरापूर्वीपर्यंत सलग झोपायचं, आता रात्री दोन-तीनदा उठतं, काय करू?" म्हणून सगळं एका ठिकाणी. वयोगट १ ते ३ वर्षं. एक वर्षाखालच्या बाळांचं गणित वेगळं असतं, ते इथे नको.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, तीन वर्षांच्या मुलाला १० ते १३. लहान मुलाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण तासाभराचं असतं आणि दोन आवर्तनांच्या मध्ये ते अर्धवट जागं होतंच. कूस बदलतं, परत झोपतं, आपल्याला कळतही नाही. तेव्हा "का जागं होतं" यापेक्षा "जागं झाल्यावर परत का झोपत नाही" हे शोधायचं.

उपाय विचारण्याआधी चार-पाच रात्रींची नोंद करा. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहिली तरी चालेल. किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, उठल्यावर माणूस ओळखत होतं का, आणि शेवटी कशाने शांत झालं. दुपारची झोप किती वाजता संपली तेही. या नोंदीशिवाय इथे मिळणारं उत्तर म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

घड्याळ बरंच सांगतं. झोपल्यापासून एक ते तीन तासांत किंकाळी, घाम, डोळे उघडे पण ओळख नाही, तर तो गाढ झोपेतला प्रकार. उत्तररात्री रडत उठून कुशीत शिरलं, तर वाईट स्वप्न. दर तास-दीड तासाने उठून झोळी किंवा दूध मागत असेल तर सवय. आडवं केलं की रडतं आणि खांद्यावर घेतलं की थांबतं, तर आधी कान-नाक बघा. रात्री दोनला उठून तासभर टक्क जागं, हसतंय, खेळतंय, तर दुपारची झोप जास्त किंवा उशिरा होते आहे. पहाटे चार-पाचला उठत असेल तर आपल्याकडे या दिवसांत थंडी आणि ओला लंगोट.

वॉर्डातली_सिस्टर
उत्तम सुरुवात. माझी एकच भर: अचानक सुरू झालं असेल तर आधी शरीर बघा, सवय नंतर. दुखणाऱ्या मुलाला "रडू दे, सवय मोडेल" म्हणणं चूक आहे.

दिवा लावून डोक्यापासून पायापर्यंत बघायला पाच मिनिटं पुरतात. ताप मोजा, हात लावून ठरवू नका. नाक चोंदलंय का? असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब (०.६५ टक्के सलाईन) प्रत्येक नाकपुडीत दोन, झोपण्याआधी. कानाला हात लावला की ओरडतं का, विशेषतः सर्दी होऊन तीन-चार दिवस झाले असतील तर. तोंडात फोड? डायपर काढून लाल चट्टे, जांघेत फुगवटा, मुलगा असेल तर अंडकोषाची सूज. आणि पायाची बोटं एकेक करून बघा. आईचा गळलेला केस मोज्यात शिरून बोटाला करकचून गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि मूल का रडतंय हे कुणालाच कळत नाही. लहानसं दिसतं, पण हे तातडीचं काम आहे.

रात्रीच दवाखाना गाठायचा तो यासाठी: श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडणं, ओठ निळसर होणं, हिरवी उलटी, सुस्त पडणं, मान ताठ होणं, आठ तासांत लघवी नाही. शिवाय पाय पोटाशी घेत कळवळून रडणं, मग दहा-पंधरा मिनिटं शांत, परत तेच, असं आवर्तन चालू असेल तर आतड्यात आतडं अडकल्याची शक्यता धरावी लागते. शी रक्ताळलेल्या जेलीसारखी होईपर्यंत थांबायचं नाही, ते उशिराचं लक्षण आहे. गाडी नसेल तर १०८.

सिडकोचा_बाबा
२० महिने, वजन १० किलो. रात्री साडेअकरा आणि दोनला उठतोय. हिरड्या सुजल्यात. दातांमुळे असेल का? पॅरासिटामॉल किती द्यायचं? घरात दोन बाटल्या आहेत, एक थेंबांची, एक सिरपची.

दंतमंजन
२० महिन्यांत सुळे येतात, साधारण १६ ते २३ महिन्यांच्या दरम्यान. पहिल्या दाढा १३ ते १९, मागच्या दाढा २३ ते ३३ महिने. म्हणजे या वयात कधीही विचारलं तरी कुठला ना कुठला दात येतच असतो, म्हणून सगळं खापर दातांवर फुटतं. दातामुळे हिरडी दुखते, लाळ गळते, किरकिर होते, तीही दात फुटायच्या आसपासचे काही दिवस. १०० फॅरनहाइटच्या वर ताप, जुलाब, महिनाभर रोज रात्री उठणं, हे दातामुळे नाही.

स्वच्छ बोटाने हिरडी दोन मिनिटं दाबून चोळा, किंवा फडकं ओलं करून फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नाही) गार करून चावायला द्या. बधिर करणारी जेल लावू नका. लाळेबरोबर वाहून जाते, घशात गेली तर गिळण्याची संवेदना कमी होते, आणि त्यातल्या बेंझोकेनने क्वचित रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते.

वॉर्डातली_सिस्टर
सिडकोचा_बाबा, दोन बाटल्या हाच धोका. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोला १०० ते १५० मिलिग्रॅम. आता बाटली बघा:

५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप: ४ ते ६ मिली.
५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप: २ ते ३ मिली.
थेंब, १ मिलीत १०० मिलिग्रॅम: १ ते दीड मिली.

थेंबांच्या बाटलीतून चुकून ५ मिली गेलं तर ५०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे तिपटीहून जास्त. म्हणून एकच बाटली ठेवा, दुसरी टाकून द्या. उघडल्याची तारीख पेनाने लिहा, चहाच्या चमच्याने मोजू नका. दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. आणि हे ताप किंवा दुखणं असेल तरच. झोप लागावी म्हणून रोज रात्री पॅरासिटामॉल देणं बंद करा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर ते प्रमाण.

पंचवटीकर_पोरगा
आमच्याकडे सगळे जायफळ उगाळून देतात. एक-दोन वेढे दुधात. नाहीतर सर्दीचं सिरप, त्यानेही गुंगी येते. एवढा खटाटोप कशाला?

काळारामची_आजी
अरे बाबा, आजी मी आहे आणि जायफळ देऊ नका असं मीच सांगते. सहाणेवरचा एक वेढा म्हणजे किती, हे कुणी मोजलंय? हाताचा जोर, दगडाचा खरखरीतपणा, सगळ्यांचं वेगळं. जास्त गेलं की धडधड, उलट्या, भ्रमिष्टासारखं वागणं. झोपेची गुटी म्हणून कुणी पुड्या आणून दिल्या तर त्या सरळ फेका, त्यांत काय घातलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कापूर-ओव्याची पुरचुंडी गळ्यात बांधू नका, उशाशीही ठेवू नका. मूल ती चोखतं आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. दृष्ट काढायची तर काढा, माझं काही म्हणणं नाही, पण मिरच्या-मोहऱ्यांचा धूर झोपायच्या खोलीत नको. रात्रभर खोकल्यावर दृष्ट परत लागली म्हणाल.

वॉर्डातली_सिस्टर
आजी, अनुमोदन. सर्दीच्या सिरपबद्दल: ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, पाच वर्षांखालीही सहसा नाहीत. शिवाय गुंगीच्या औषधाने काही मुलं उलटी चेकाळतात आणि पहाटेपर्यंत उड्या मारतात. मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्या, गमीज ऑनलाइन मागवून देणं, तेही नको.

निफाडकर
थंडीचं कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आमच्याकडे पारा डिसेंबर-जानेवारीत ५-६ अंशांवर येतो, नाशिक शहरातही ८-१० ला उतरतो. संध्याकाळी खोली ऊबदार असते, तेव्हा लोक पोराला तीन स्वेटर घालतात. अकरा वाजता ते घामाघूम होऊन उठतं. मग पांघरूण लाथाडतं आणि चारला गारठून उठतं. एकाच रात्रीत दोन्ही टोकं.

कपडे असे: आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचं सुती, वर एकच पातळ लोकरी, आणि पाय झाकणारी पायजमा-मोज्यांची जोडी. आपण घालतो त्यापेक्षा एक थर जास्त, बस. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात घालून बघा. मान ओली तर एक थर काढा. गोधडी छातीपर्यंतच, दोन्ही कडा गादीखाली खोचून. नाडीची कानटोपी झोपताना काढा.

आणि हात जोडून सांगतो, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खोली उबवायची तर झोपण्याआधी तेलाचा हीटर अर्धा तास, मग बंद. मच्छर कॉइलही बंद खोलीत नको, मच्छरदाणी लावा.

गंगापूररोडकर
यात एक बारीक गोष्ट. नोव्हेंबरात पंखा बंद होतो आणि त्याबरोबर वर्षभराचा घरघराट जातो. मग तेच मूल कुत्र्याच्या भुंकण्याने, लिफ्टच्या दाराने, शेजारच्या कुकरने दचकतं. आईवडील कारण पोटात शोधत बसतात. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून सगळ्यात कमी वेगावर ठेवून बघा. वारा नको, आवाज हवा. लग्नसराईतला डीजे मात्र टेबलफॅनने झाकला जात नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे (सणासुदीचे सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडून), ११२ ला फोन करा.

सिडकोचा_बाबा
कान, हिरडी, डायपर सगळं बघितलं, ठीक आहे. साडेअकराचं उठणं बघता तो किंचाळतो, आईलाही ढकलतो, दहा मिनिटांनी आपोआप झोपतो. सकाळी एकदम मजेत. दोन वाजता मात्र जागा असतो आणि बाटली मागतो.

झोपशास्त्र
मग हे दोन वेगळे प्रकार आहेत. एकाच उपायाने दोन्ही जाणार नाहीत, म्हणूनच बहुतेक लोक दमतात.

साडेअकराचा प्रकार गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येण्याचा. मेंदूचा एक भाग जागा, बाकीचा झोपेत. त्याला उठवू नका, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, "काय झालं, काय झालं" विचारू नका. जितकं धराल तितकं लांबतं. भिंत, कपाटाचा कोपरा डोक्याला लागणार नाही एवढं बघा, गादीशेजारी उशा लावा आणि बसून राहा. साधारण ५ ते १५ मिनिटांत संपतं, कधी अर्धा तासही. मुलाला सकाळी काही आठवत नाही, म्हणून सकाळी विषय काढू नका.

हे वाढतं ते अपुऱ्या झोपेमुळे, तापामुळे, भरलेल्या मूत्राशयामुळे. म्हणून पहिला उपाय: झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे आणा. दोन आठवड्यांत फरक नाही आणि रोज साधारण त्याच वेळी होत असेल, तर त्या वेळेच्या १५-२० मिनिटं आधी पाठीवर हात फिरवून किंचित कूस बदलेपर्यंत, पुटपुटेपर्यंत चाळवा आणि परत झोपू द्या. हे रोज, दोन ते चार आठवडे. वेळ ठरलेली नसेल तर या उपायाचा उपयोग नाही.

फेफऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून मोबाइलवर चित्रण करून ठेवा. दर वेळी हुबेहूब तीच हालचाल, अंग ताठ होणं, एकाच बाजूचे झटके, एका रात्रीत अनेकदा, तर ते चित्रण घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा तीस सेकंदांचं चित्रण जास्त सांगून जातं.

आता दोनची बाटली. तो झोपताना बाटली तोंडात घेऊन झोपतो का? तर अर्धवट जाग आली की त्याला तीच परिस्थिती परत हवी असते. झोळी, मांडी, अंगावर पिणं, सगळ्याला हाच नियम. वर्षानंतर नीट जेवणाऱ्या निरोगी मुलाला रात्रीच्या दुधाची पोषणासाठी गरज नसते, उलट दात किडतात. एकदम बंद करू नका. १८० मिली घेत असेल तर दर दुसऱ्या रात्री ३० मिली कमी, ६० वर आलं की बंद. अंगावर पीत असेल तर मिनिटं मोजा, दर दुसऱ्या रात्री दोन मिनिटं कमी. दिवसा पाजणं दोन वर्षं आणि पुढेही चालू राहू शकतं, फक्त पिता पिता झोपणं सोडवायचं आहे.

मखमलाबादची_मीरा
वेगळ्या खोलीत झोपवल्याशिवाय हे होत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमचं वन बीएचके आहे.

झोपशास्त्र
मीराताई, वेगळ्या खोलीची काही गरज नाही. अडचण शेजारी झोपण्याची नसते, मूल कशाच्या आधाराने झोपतं याची असते. जमिनीवरच्या गाद्यांवर हे जास्त सोपं जातं, कारण पडायची भीती नाही.

साडेसातपर्यंत जेवण. मग दूध वाटीने किंवा कपाने, त्यानंतर दात घासणं. डायपर बदलून, झिरोचा पिवळा किंवा लाल दिवा खालच्या बाजूला लावून, एकच अंगाई. हा क्रम ३०-४० मिनिटांचा, रोज तोच. तासभर आधी मोबाइल-टीव्ही बंद, आणि दोन वर्षांखाली तर दिवसाही नको. मग जागं असतानाच त्याच्या गादीवर ठेवायचं. पहिल्या तीन रात्री थोपटून, पुढच्या तीन रात्री नुसता हात ठेवून, मग हात न लावता शेजारी बसून, मग आपण आपल्या गादीवर आडवं. मध्यरात्री उठलं तरी त्या दिवशीची जी पायरी असेल तीच. लगेच झेपावू नका. एक-दोन मिनिटं थांबा, अर्धी कुरकुर तिथेच विरते.

तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं वाढतं. ते बिघडल्याचं लक्षण नाही, पण बहुतेक घरं इथेच हार मानतात, आणि मग मूल शिकतं की जास्त रडलं की बाटली मिळते. आजीने झोळीत घालायचं, आईने थोपटायचं, बाबांनी गच्चीवर फिरवायचं, असं असेल तर सुरूच करू नका. आधी मोठ्यांची बैठक घ्या. ताप, प्रवास, नवीन पाळणाघर, लसीनंतरचे दोन दिवस, यांत सुरू करू नका. आणि १८ महिन्यांच्या आसपास आई नजरेआड झाली की घाबरण्याचा एक काळ येतो. तेव्हा दिवसा लपाछपी, "आले हं" म्हणून दोन मिनिटांनी खरंच येणं, याचा रात्री फायदा होतो. न सांगता गुपचूप निघून गेलात तर रात्री मूल तपासायला उठतं.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
दुसरी पाळी सुटून घरी यायला बारा वाजतात. नेमकं तेव्हाच उठतं. पाळी बदलणं हातात नाही.

गंगापूररोडकर
दादा, नऊला झोपलेलं मूल बाराच्या सुमाराला गाढ झोपेतून हलक्या झोपेकडे येत असतं, म्हणून कडीचा आवाजही पुरतो. कडीला आणि बिजागरीला तेल. बेल नाही, मिस्ड कॉलही नाही, किल्ली जवळ ठेवा. डबा आणि पाणी आधीच स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं असावं, जेवण गरम करायला मिक्सर-कुकर नको. घरचे कपडे बाथरूमच्या दाराशी. झोपायच्या खोलीचा मोठा दिवा लावायचा नाही. आणि सगळ्यात अवघड: उठलं तरी उचलायचं नाही. बारा वाजता बाबा आले की खेळ मिळतो हे कळलं की पोरगं रोज वाट बघत जागं होणार. खेळ सकाळी, पाळीला निघायच्या आधी.

अंगणवाडी_पर्यवेक्षिका
दोन कारणं राहिली, आणि आमच्याकडे ती खूप दिसतात.

पहिलं, जंत. रात्री झोपल्यावर तासा-दोन तासांत बूड खाजवत उठतं, चड्डीत हात घालतं. सूतकृमीची मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते, म्हणून खाज रात्रीच. सकाळी शी-आंघोळीच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काढा आणि दवाखान्यात दाखवा. अल्बेंडाझोल १ ते २ वर्षांना २०० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, दोन वर्षांवर ४०० ची पूर्ण. लहानांना गोळी चुरून पाण्यातच द्यायची, अख्खी घशात अडकते. सूतकृमी असतील तर दोन आठवड्यांनी परत डोस, डॉक्टरांना विचारून, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. नखं कापा, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात धुवा, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत गोळी फुकट मिळते.

दुसरं, लोह कमी असणं. असं मूल रात्रभर पाय हलवतं, गादीवर चक्राकार फिरतं, सकाळी पांघरुणाचा बोळा झालेला असतो. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारी आणि जेवणाला तोंड न लावणारी मुलं यात हमखास. डॉक्टरांना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी विचारा. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी लोह-फॉलिक सिरप आशाताईंकडे मिळतं, १ मिली, आठवड्यातून दोनदा. आणि संध्याकाळी पाचला चहात बुडवून बिस्कीट देणं थांबवा. चहाने लोह शोषलं जात नाही आणि झोपही उडते, एकाच बशीत दोन तोटे.

वॉर्डातली_सिस्टर
घोरणं राहिलं. सर्दी नसतानाही रोज घोरतं, तोंड उघडं ठेवून झोपतं, मान मागे टाकतं, मध्येच श्वास अडकून दचकतं, तर नाकामागच्या गाठी वाढल्या असू शकतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तिथे झोपेचं वेळापत्रक कितीही बदललं तरी फरक पडणार नाही.

मखमलाबादची_मीरा
दुपारची झोप बंद करून बघू का? मुलगी संध्याकाळी पाचला झोपते, सातला उठते, मग रात्री अकरापर्यंत धिंगाणा आणि दोनला परत जागी.

झोपशास्त्र
वय दोन असेल तर बंद नको, ती तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान आपोआप सुटते. वेळ सरकवा. दुपारी साडेबाराला जेवण, एकला झोप, तीनला पडदे उघडून उठवायचं. उठल्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंत पाच-साडेपाच तास मिळायला हवेत. रात्री खरंच अकराला झोपत असेल तर एकदम साडेआठला आडवं करून दोन तास झगडू नका. पहिले दोन दिवस पावणेअकरालाच झोपवा, मग दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. सकाळी उठवायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की, रविवारीसुद्धा. सकाळचं ऊन अर्धा तास अंगावर घ्या.

सिडकोचा_बाबा
आजपासून झोप साडेआठला आणि बाटली १५० वर. दोन्ही एकदम सुरू केलं तर चालेल ना?

झोपशास्त्र
नको. आधी वेळ, बाटली आठवडाभराने. दोन्ही एकदम बदललं तर साडेअकराचं कशाने थांबलं ते कळणार नाही. आणि नोंद चालू ठेवा, पुढच्या रविवारी इथेच टाका.